एका रात्रीत टर्की जाते म्हणतात. भावाला जांबोटीला नेऊ का?

खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीने चार पानी पत्र पाठवलं आहे. थोडक्यात असं: धाकटा भाऊ 27 वर्षांचा. गोव्यात हॉटेलच्या कामाला गेला, आधी तिथे टॅपेन्टाडॉलच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या) गोळ्या आणि मग ब्राऊन शुगर, म्हणजे कच्चं हेरॉइन. तीन वर्षं झाली. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा बाहेर आल्यावर महिन्याभरात परत सुरू. आता घरी आहे, शिवाय रोज दारूची एक क्वार्टर, कधी दोन. पुडी मिळाली नाही की टर्की येते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू होतो, आणि रात्रभर "अक्का, सगळं अंग फुटूलंय" म्हणून रडतो. चुलतभावाने मोबाइलवर आफ्रिकेतल्या इबोगा नावाच्या मुळीचा व्हिडिओ पाठवला. जांबोटीकडच्या एका फार्महाऊसवर ते औषध देतात, एका रात्रीत व्यसन सुटतं, 1 लाख 80 हजार रुपये. आई पाटल्या मोडायला तयार आहे. गावातल्या एकाने तर सांगितलं की एवढे पैसे कशाला, आपली तगर त्याच जातीची, तिच्या मुळीचा काढा द्या. "हे खरं आहे का, आणि न्यावं का?" असे दोन प्रश्न ताईंनी विचारलेत.

ताई, पहिल्याचं उत्तर: बरंचसं खरं आहे. दुसऱ्याचं: जांबोटीला नेऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मागा, नाही मिळाली तरी नेऊ नका. पण व्हिडिओ बघून तुम्हाला जी आशा वाटली ती वेडगळ नव्हे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

इबोगा हे गॅबॉन, कॅमेरून या भागातलं झुडूप. तिथल्या ब्विती पंथात दीक्षा देताना त्याच्या मुळीची साल खायला देतात. या सालीत आयबोगेन नावाचं द्रव्य असतं. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड लोट्सॉफ या 19 वर्षांच्या, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या मुलाने ते घेतलं आणि नशा उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की टर्की आलीच नाही. पुढे आयुष्यभर तो या औषधाच्या मागे लागला. मेक्सिकोत आयबोगेन घेतलेल्या 30 रुग्णांवर महिनाभर लक्ष ठेवलं तेव्हा त्यातले 15 जण त्या महिन्यात अफूच्या जातीच्या कुठल्याही नशेपासून दूर राहिले होते. निम्मे, सगळे नाहीत. ज्यांना वारंवार उपचार करूनही यश आलं नाही अशा लोकांसाठी हा आकडा लहान नाही. टेक्सास राज्याने 2025 मध्ये आयबोगेनच्या चाचण्यांसाठी 5 कोटी डॉलर मंजूर केले ते याच आशेवर.

दारूच्या बाबतीत जादुई अळंबीतल्या सिलोसायबिनचा पुरावा अधिक नीटनेटका आहे. 2022 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चमूने 93 जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. 12 आठवडे समुपदेशन आणि त्या दरम्यान फक्त दोन डोस. नंतरच्या 32 आठवड्यांत सिलोसायबिन मिळालेल्यांचे भरपूर पिण्याचे दिवस 9.7 टक्के होते, दुसरं औषध मिळालेल्यांचे 23.6 टक्के. त्या 12 आठवड्यांचं समुपदेशन दोन्ही गटांना मिळालं होतं, हे व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत. औषधाने दार उघडतं, आत जाऊन घर लावायचं काम समुपदेशनाचं.

आता आयबोगेन धोक्याचं का आहे ते. हृदयाचा ठोका पडून गेला की पुढच्या ठोक्याआधी हृदयाचा स्नायू पुन्हा "भरून" घेतो. त्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर जावं लागतं. आयबोगेन नेमकी तीच वाट अडवतं. मग हे भरून घेणं लांबतं, आणि त्या लांबलेल्या वेळात चुकीचा ठोका पडला तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकललं जात नाही. हाताशी शॉक देण्याचं यंत्र आणि नसेतून द्यायचं मॅग्नेशियम असेल तर माणूस वाचतो. जांबोटीच्या जंगलात पाऊस कोसळत असताना बेळगावचा आयसीयू अर्ध्या-पाऊण तासावर असतो, आणि मेंदूला मिळतात चार-पाच मिनिटं.

शिवाय हे एका रात्रीचं काम नाहीच. पहिले चार ते आठ तास जागेपणी स्वप्न पडल्यासारखे जातात. उलट्या होतात, तोल जातो, आधाराशिवाय संडासलाही जाता येत नाही. त्यानंतर यकृत आयबोगेनचं नॉरआयबोगेन करतं आणि ते शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं. तेही हृदयावर तसंच वागतं. 1990 ते 2008 या काळातल्या 19 मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. ते औषध घेतल्यापासून दीड तास ते 76 तासांच्या आत झाले होते. म्हणजे सकाळी "झालं, उतरली" म्हणून गाडीत घालून घरी पाठवलेला माणूस तिसऱ्या दिवशी घरातच दगावू शकतो. न्यूझीलंडमध्ये हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर देता येतं. तिथल्या 14 रुग्णांच्या अभ्यासातही एक रुग्ण दगावला.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी ओघात आल्या आहेत. आम्ही त्यांच्याखाली रेघ मारली आहे.

पहिली: "आमचे मामा 34व्या वर्षी झोपेतच गेले, काही आजार नव्हता." ताई, तरुण, धडधाकट माणूस असा अचानक जातो तेव्हा कधीकधी घराण्यात हा ठोक्याचा दोष असतो. तो आईच्या बाजूने भावात आला असेल तर आयबोगेन त्याच्यासाठी विष आहे. इबोगाचा विषय सोडून दिला तरी भावाचा ईसीजी काढाच; तुमचा आणि आईचाही. कागदावर वरच्या बाजूला छापील आकडे असतात, त्यात क्यूटीसी (QTc) असं लिहिलेलं असतं; ठोक्यानंतरचं ते भरून घेणं किती लांबलंय ते त्यावरून कळतं. पुरुषाचा 450च्या आत हवा. 500च्या वर असेल तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं. यंत्राने छापलेला आकडा चुकू शकतो, म्हणून डॉक्टरांना तो हाताने मोजायला सांगा आणि मामांची गोष्ट न विसरता सांगा.

दुसरी: भावाला झोपेसाठी क्वेटियापिन आणि उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन चालू आहे. ही दोन्ही औषधंही ठोक्याचं अंतर लांबवतात. त्यात टर्कीमध्ये जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जातं. एकावर एक असे तीन धोके. फार्महाऊसवाल्यांनी "दोन दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करा" एवढंच सांगितलं, असं तुम्ही लिहिता. ईसीजी मागितला नाही, रक्त तपासलं नाही, घराण्यात कुणी अचानक गेलं का हे विचारलं नाही. यावरूनच त्यांना किती कळतं ते समजा.

तिसरी: रोजची दारू. ती जागच्या जागी बंद केली तर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. ब्राऊनची टर्की भयंकर वाटते पण पोटात पाणी टिकलं तर तिने सहसा जीव जात नाही; दारूच्या टर्कीने जातो. म्हणून घरच्या घरी कोंडून सोडवायला जाऊ नका.

तगरीचं. कन्नडमध्ये जिला नंदीबट्टलु म्हणतात तीच ही, देवाला वाहतो ती. सांगणारा अगदीच खोटं बोलत नाही: तगर आणि इबोगा एकाच कुळातल्या, आणि तगरीत त्याच घराण्यातली द्रव्यं सापडतात. पण कण्हेर आणि बिट्टीही त्याच कुळातल्या, आणि त्यांनी हृदय बंद पडतं हे आपल्याकडे शेतावरच्या पोरालाही ठाऊक असतं. कुळ एक म्हणजे गुण एक नव्हे. शिवाय मुळीत कुठलं द्रव्य किती हे झाडागणिक बदलतं, काढ्यात किती उतरलं ते मोजायची सोय नाही. काढा नको. धोतऱ्याचं बी तर कुणी सुचवलं तरी घरात आणू नका.

मग करायचं काय? ज्या कामासाठी तुम्ही पाटल्या मोडायला निघालात, म्हणजे टर्की थांबवणं, ते आजही सरकारी दवाखान्यातल्या एका गोळीने होतं. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन एकत्र असलेली गोळी, जिभेखाली ठेवायची. ब्राऊन मेंदूत जिथे जाऊन बसते तिथेच ही बसते, पण अर्धवट काम करते: अंग फुटणं थांबतं, नशेची तार लागत नाही. अफूच्या व्यसनात मृत्यूचा धोका या उपचाराने साधारण निम्म्यावर येतो. इतका पक्का पुरावा आज इबोगाकडे नाही, आणि आम्ही इबोगाची बाजू घेणारी माणसं असूनही हे सांगतो.

ही गोळी फसते ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी. शेवटच्या पुडीनंतर किमान 12 तास जायला हवेत आणि टर्की दिसायला लागलेली हवी: जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. त्याआधी दिली तर ती आत बसलेल्या ब्राऊनला ढकलून जागा घेते आणि फार जोराची टर्की एकदम अंगावर येते. मग पोरगा म्हणतो, "ह्या गोळीनं मला मारलं," आणि परत येत नाही. म्हणून भावाने शेवटचं कधी, काय आणि किती घेतलं ते खरं सांगणं हाच अर्धा उपचार. सुरुवात बहुधा 2 ते 4 मिलिग्रॅमने करतात, पुढे रोजचा डोस बऱ्याच जणांचा 8 ते 16च्या दरम्यान ठरतो. गोळी गिळली तर वाया जाते. विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ती श्वास मंद करते, म्हणून दारूचा उपचार सोबतच हवा. त्यात थायमिन, म्हणजे बी-1, सलाईनमधल्या ग्लुकोजच्या आधी द्यायचं असतं, हे विचारून घ्या.

मागच्या दोन्ही वेळी काय चुकलं तेही तुमच्याच पत्रात आहे. "एकवीस दिवसांनी सोडलं, गोळी काही दिली नाही." शरीर रिकामं करून पाठवलं, ओढ तशीच ठेवली. यात भावाचा नालायकपणा नाही. ही गोळी महिने, कधी वर्षं घ्यावी लागते. साखरेच्या रुग्णाला आपण "इन्सुलिन कधी सुटणार" म्हणून टोमणे मारत नाही, तसंच इथे.

बेळगावात बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात आधी जा. तिथे ही गोळी चालू करता आली नाही तर धारवाडचं डिम्हान्स, ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. गुंतागुंत वाढली तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा वेगळा विभाग आहे. निघण्याआधी 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर विचारा; टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. भाऊ पोलिसांना घाबरतो असं लिहिलंय. अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 64-अ आहे: थोड्या प्रमाणात, स्वतःपुरतं बाळगणारा व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. उपचाराचे कागद जपून ठेवा.

आमचं म्हणणं एवढंच, की इबोगा फार्महाऊसवर नको, इस्पितळात हवा. भारतात आयबोगेनला औषध म्हणून मान्यता नाही आणि सिलोसायबिन तर अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. त्यामुळे निम्हान्ससारख्या ठिकाणी, ईसीजीचा मॉनिटर लावून, नसेतून मॅग्नेशियम देऊन याच्या चाचण्या व्हाव्यात ही मागणी रास्त आहे. स्टॅनफर्डच्या चमूने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅग्नेशियमसह 30 माजी सैनिकांना आयबोगेन दिलं, त्यात हृदयाची गंभीर घटना घडली नाही. ते रुग्ण मेंदूला मार बसलेले होते, व्यसनाचे नव्हते. पण सुरक्षितपणे देण्याची वाट असू शकते एवढं त्यातून दिसतं. निपाणीपासून खानापूरपर्यंत किती घरांत आज तुमच्यासारखीच रात्र चालू असते. वाट अधिकृतपणे उघडली नाही की लोक जांबोटीची वाट धरतात, यात लोकांचा दोष कमी आहे. उद्या अशी चाचणी आपल्याकडे सुरू झाली आणि भावाचा ईसीजी निर्दोष निघाला, तर त्याचं नाव द्या असं आम्हीच सांगू.

आणि आजपासून एक गोष्ट. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय उतरते, आणि मग पूर्वीचाच डोस जीव घेतो. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात वाईट. बाथरूमची कडी आतून लावायची नाही असं भावाशी आधीच बोलून ठरवा, कडी चोरून काढून टाकू नका. तो हाक देऊन उठला नाही, ओठ निळे पडले, घशातून घरघर आली तर कुशीवर वळवा, 108ला फोन करा आणि "ब्राऊन घेतली आहे" हे स्पष्ट सांगा, म्हणजे ब्राऊनचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन द्यायला वेळ जाणार नाही. शेजाऱ्यांना काय वाटेल म्हणून "चक्कर आली" असं सांगू नका.