छोट्या दुकानासाठी कार्ड स्वाइप मशीन कोणाचं घ्यावं?

प्रश्न: दादरला इमिटेशन ज्वेलरीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकं क्रेडिट कार्ड चालेल का विचारतात. मशीन बँकेचं घेऊ की एखाद्या पेमेंट कंपनीचं? सगळ्यात कमी रेट कोणाचा?

उत्तर: हे "सगळ्यात कमी रेट कोणाचा" माझ्या धाकट्या भावाचं आवडतं वाक्य आहे, म्हणून लिहायला बसले.

रेटचं आधी उरकते. डेबिट कार्डाच्या कमिशनला रिझर्व्ह बँकेने 2018 पासून वरची मर्यादा घातली आहे. उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर 0.40 टक्के, वर असेल तर 0.90. रुपे डेबिट आणि यूपीआयला 2020 पासून शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र मर्यादाच नाही, तिथे घासाघीस चालते. एक म्हणतो 1.95, दुसरा 1.75. समजा महिन्याला दोन लाख रुपये क्रेडिट कार्डाने आले, तर फरक पडला 400 रुपयांचा. आणि त्या 1.75 वाल्याने मशीनचं भाडं 500 लावलं की जीएसटी धरून 590 गेले. हे गणित मी भावाला बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलंय. तरी "ताई, रेट बघ ना" चालूच.

आमचं ठाकुरद्वारला चष्म्याचं दुकान आहे, अण्णांच्या वेळचं. बँकेचं मशीन होतं, ते काढून भावाने एका कंपनीचं आणलं. रेट कमी, मशीन चकाचक, विकणारा पोरगा गोड बोलणारा. डिसेंबरात आमच्याकडे अमेरिकेतली मंडळी येतात. तिकडे प्रोग्रेसिव्ह काचा परवडत नाहीत, म्हणून सुट्टीत आले की अख्ख्या घराचे चष्मे करून नेतात. अशाच एका गृहस्थांनी स्वतःचे, बायकोचे आणि आईचे चष्मे केले आणि परदेशी कार्ड दिलं. त्या कार्डाने पिन मागितला नाही, स्लिपवर सही घेतली. गृहस्थ परत गेले, आणि तिकडे स्टेटमेंटवर आमच्या दुकानाचं नाव आलंच नाही. बोर्डावर एक नाव, आणि खातं अण्णांनी उघडलेलं "अँड सन्स"च्या नावाने. (गल्ल्यावर बसते मुलगी, ते असो.) त्यांना वाटलं कुणीतरी कार्ड वापरलं. केली तक्रार, आला चार्जबॅक, म्हणजे त्यांच्या बँकेने ते पैसे आमच्याकडून परत मागितले.

चार्जबॅकचं मला काही वाटलं नसतं, धंद्यात येतात. पण कंपनीने तेवढीच रक्कम अडवली नाही, तपास होईपर्यंत रोजचं सगळं सेटलमेंट, म्हणजे कार्डाचे खात्यात जमा होणारे पैसे, होल्डवर टाकलं. ऐन सीझनला. काचांचा सप्लायर समोरच्या स्टुलावर बसलाय आणि भाऊ ॲपवर चॅट करतोय, पलीकडून दर वेळी तेच उत्तर: आपली तक्रार नोंदवली आहे. गोड बोलणारा पोरगा एव्हाना दुसऱ्या नोकरीला लागला होता.

आता माझी फाईल. ती स्लिप थर्मल कागदाची असते, मुंबईच्या दमट हवेत खणात ठेवली की काही महिन्यांत कोरी. म्हणून मोठ्या बिलाची स्लिप मी झेरॉक्स करते आणि बिल नि नंबराच्या कागदाला टाचून ठेवते. भाऊ याला हसायचा, "ताई, डिजिटल जमाना आहे." त्याच फाईलमधून सही असलेली स्लिप निघाली, सोबत तिघांच्या डोळ्यांचे नंबर. कार्ड चोरणारा माणूस आईला घेऊन नंबर तपासायला येत नाही! त्या गृहस्थांना व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला, ते बिचारे ओशाळले, तक्रार मागे घेतली. पैसे सुटले, आणि मी बँकेचं मशीन परत आणलं. भाऊ म्हणतो बँकेनेही पैसे अडवले असते. अडवले असते, मान्य. पण मॅनेजरच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसता आलं असतं. चॅटसमोर कुठे बसणार?

तेव्हा रेट विचारून झाला की हेही विचारा: पैसे दुसऱ्या दिवशी जमा होतात का, चार्जबॅक आला तर तेवढेच अडवणार की सगळे, मशीन परत दिलं तर काय कापणार. उत्तर लेखी घ्या, तोंडी नको. आणि गिऱ्हाइकाकडून "कार्डाचे दोन टक्के वेगळे" मागू नका. कमिशन दुकानदाराने सोसायचं असतं. आमच्याकडे हाही वाद झालाय, तोही मीच जिंकलाय.

आता तुमच्यापुरतं. तुमची बिलं पाचशे-हजाराची असतील तर बहुतेक लोक क्यूआरवरच देतील, आणि रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडून त्यावर चालतं. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्याचा चार्ज लागत नाही. मग मशीनची घाई कशाला? देशी कार्डाला मोठ्या रकमेवर पिन लागतो, त्यामुळे आमच्यासारखं लफडं क्वचित. शिवाय बँक मशीन द्यायला कागदपत्रांत पार घोळवते, कंपनी पटकन देते, एवढं भावाचं खरं. मशीन कोणाचंही घ्या, पण आल्याबरोबर घरातल्या कुणाच्या तरी कार्डाने शंभराची खरेदी करा आणि स्टेटमेंटवर दुकानाचं काय नाव येतं ते वाचा. बोर्डाशी जुळत नसेल तर तेव्हाच अर्ज देऊन बदलून घ्या.