बिल्डरने भरलेले पैसे गेले कुठे?

प्रश्न : आमच्या गावाबाहेर ३८० घरांची नवी वसाहत झाली. परवानगीच्या वेळी शाळेचे वर्ग, दवाखाना आणि मैदान यांसाठी बिल्डर पैसे देणार, असं पत्रकात छापून आलं होतं. आम्ही राहायला येऊन तीन वर्षं झाली. जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट अजून तीन आठवड्यांनी मिळते, मैदानाच्या जागी चिखल आहे. काउन्सिल म्हणते, ‘कलम १०६चा निधी आहे.’ ताई, हे पैसे कुणी खाल्ले तर नाहीत ना?
– एक वाचक, इंग्लंड

उत्तर : ‘खाल्ले’ वाचून हसू आलं. सांगली सोडून मला तीस वर्षं झाली, तरी पैसा दिसेनासा झाला की माझ्याही मनात आधी हेच येतं! पण इथल्या प्लॅनिंग ऑफिसात एकोणीस वर्षं काढली, त्यात खाल्लेले पैसे पाहिले नाहीत. पडून राहिलेले मात्र भरपूर पाहिले.

कलम १०६ हे १९९०च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यातलं. त्याखाली बिल्डर आणि काउन्सिल यांच्यात होणाऱ्या करारात पैसे टप्प्याटप्प्याने येतात : काम सुरू होताना इतके, पन्नासाव्या घरात माणसं राहायला आली की इतके, दीडशेव्याला इतके. एकदा पन्नासावं घर ‘राहतं’ झालं की नाही, यावर बिल्डरशी वाद चालला होता. तेव्हा मी भर पावसात छत्री धरून कुठल्या खिडक्यांना पडदे लागलेत ते मोजत फिरले होते. एकावन्न निघाले.

करारात ज्यासाठी लिहिलंय त्यावरच ते खर्चायचे, आणि बहुतेक वेळा मुदतही असते. आमच्याकडे एका बसथांब्याचे पैसे होते. थांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला हवा, हे ठरेपर्यंत दहा वर्षं उलटली. रक्कम बिल्डरला परत गेली, तीही व्याजासकट.

तुमच्या जीपीचं म्हणाल, तर हा पैसा इमारतीसाठी असतो, खोल्या वाढवायला. डॉक्टरांचा पगार त्यातून निघत नाही. शिवाय दवाखाना एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा), आणि जिथे काउंटी (जिल्ह्यासारखी) आणि डिस्ट्रिक्ट (तालुक्यासारखी) अशा दोन वेगळ्या काउन्सिल आहेत तिथे शाळा काउंटीची. करार करणारा एक, खर्च करणारा दुसरा.

तुमच्याकडे सीआयएल (कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही, म्हणजे नव्या बांधकामावरचा आकार) लागू असेल (सगळ्या काउन्सिलांनी घेतलेला नाही), तर तो चौरस मीटरवर आकारतात. त्यातला १५ टक्के वाटा पॅरिश काउन्सिलला (गावच्या पंचायतीसारखी संस्था) मिळतो, त्यालाही वरची मर्यादा आहे. गावाने सार्वमताने नेबरहुड प्लॅन (गावाचा स्वतःचा विकास आराखडा) मंजूर केला असेल तर २५ टक्के. पॅरिशच्या क्लार्कला विचारा. सहसा तो आकडा सांगतो आणि चहाही पाजतो.

मैदानाचं मला वेगळंच वाटतं. ते पुष्कळदा बिल्डरनेच करून द्यायचं असतं, म्हणजे तिथे पैशाचा प्रश्नच नाही. वेबसाइटवर अर्जाच्या क्रमांकाखाली करार सापडेल. मागच्या परिशिष्टात ‘ऑक्युपेशन’ (घरात राहायला येणं) शब्द शोधा : मैदान कितव्या घराला द्यायचं होतं? काउन्सिलचं वार्षिक निधी-विवरणही पाहा, ते दर ३१ डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध करावं लागतं. मग ईमेलमध्ये तीनच गोष्टी विचारा : टप्पा उलटला का, पैसे आले का, मुदत कधी संपते. उत्तर आलं नाही तर माहिती-स्वातंत्र्याचा अर्ज टाका, कामाच्या २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि चिखलाचा फोटो जोडा, तारीख दिसेल असा.