ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ग्रेगरी व्लास्टोस यांचं नाव इतकं का घेतात?

कारण प्लेटोचा युक्तिवाद पायरी-पायरीने कसा तपासायचा हे त्यांनी करून दाखवलं. जन्म १९०७ चा, इस्तंबूलचा, १९३१ ला हार्वर्डची पीएचडी, मग कॅनडात क्वीन्स विद्यापीठात शिकवलं, पुढे अमेरिकेत कॉर्नेल आणि १९५५ पासून दोन दशकं प्रिन्स्टन. त्यांचा १९५४ चा पेपर नक्की वाचा, त्यात प्लेटोच्या ‘पार्मेनिडीस’ संवादातला ‘तिसरा माणूस’ युक्तिवाद घेतला (सगळ्या माणसांमागे ‘माणूस’ असं एक आदर्श रूप मानलं, तर ते रूप आणि माणसं यांच्यामागे आणखी एक रूप मानावं लागतं, आणि हे संपतच नाही) आणि दाखवलं की तो न सांगितलेल्या गृहीतकांवर उभा आहे, त्यावरून जो वाद पेटला तो अजून चालूच आहे! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे रिटायर झाल्यावरही बर्कलीत शिकवत राहिले, सॉक्रेटिसवरचं मोठं पुस्तक १९९१ ला आलं, ते गेले त्याच वर्षी. टेरेन्स अर्विन, अलेक्झांडर नेहामस हे ग्रीक तत्त्वज्ञानाचे नावाजलेले अभ्यासक त्यांचेच विद्यार्थी.