शेतावरचे कर्ज आणि एका रात्रीचे खून

प्रश्न : गिलियन फ्लिन यांची ‘गॉन गर्ल’ मला अतिशय आवडली. त्यांची दुसरी कादंबरी ‘डार्क प्लेसेस’ अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एका शेतावर घडते असे समजले. ग्रामीण थरारकथांत ओसाड घर, काळोख आणि संशयी गावकरी यांपलीकडे फारसे काही सापडत नाही, असा माझा अनुभव आहे. ही कादंबरी त्याला अपवाद आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : निश्चितच आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मला लेखिकेच्या तिन्ही कादंबऱ्यांत सर्वांत सखोल वाटते, कारण इथले शेत केवळ खुनाची जागा नाही. खुनापर्यंत नेणारी सगळी कोंडी त्या शेतातूनच उभी राहते.

जानेवारी १९८५ मधल्या एका रात्री पॅटी डे आणि तिच्या दोन मुली मारल्या जातात. सात वर्षांची लिबी वाचते आणि तिच्या साक्षीचा आधार घेऊन पंधरा वर्षांच्या भावाला, बेनला, जन्मठेप होते. जवळपास पंचवीस वर्षांनी, लोकांनी दिलेल्या देणग्यांचा पैसा संपत आल्यावर, जुन्या गुन्ह्यांचा छंद असलेल्या मंडळींकडून मोबदला घेऊन लिबी त्या रात्रीचा शोध सुरू करते. तिच्या निवेदनाच्या मधून मधून पॅटी आणि बेन यांचा शेवटचा दिवस तासातासाने उलगडत जातो. पॅटी मरणार हे पहिल्यापासून ठाऊक असूनही, तिच्या प्रत्येक साध्या निर्णयापाशी आपला जीव अडकतो.

त्या निर्णयांच्या मुळाशी कर्ज आहे. १९७० च्या दशकात अमेरिकी धान्याची निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले आणि त्या भावांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी जमीन व यंत्रे घेण्यासाठी कर्जे काढली. पुढे महागाई रोखण्यासाठी व्याजदर कमालीचे वाढवले गेले, निर्यात घटली, जमिनीचे भाव कोसळले आणि पिढीजात शेते लिलावात निघाली. वडिलोपार्जित शेत एकटीने सांभाळणारी, चार मुलांची आई असलेली पॅटी याच संकटात सापडली आहे. वसुलीची टांगती तलवार आणि मुलांपुढे चेहरा सावरून वावरण्याची तिची धडपड महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा धागा अफवेचा आहे. सैतानाची पूजा करणाऱ्या टोळ्या मुलांना छळतात, या भीतीने त्या काळी अमेरिकेला पछाडले होते. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालशाळेवर १९८३ मध्ये सुरू झालेले आरोपसत्र १९९० मध्ये एकही दोषसिद्धी न होता संपले. केस काळे रंगवणाऱ्या, अबोल बेनवर गावाचा संशय इतक्या सहज का बसतो, हे या पार्श्वभूमीवर पटते. लहान मुलीला प्रश्न विचारताना मोठी माणसे तिच्याकडून हवे ते उत्तर कसे काढून घेतात, हेही लेखिकेने फार बारकाईने दाखवले आहे.

शेवट योगायोगावर जरा अधिक विसंबतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यामुळे पॅटीच्या प्रकरणांचे बळ उणावत नाही. हिंसेची वर्णने, विशेषतः एका जनावराच्या हत्येचे वर्णन, त्रासदायक आहेत. तिन्ही कादंबऱ्यांची कथानके स्वतंत्र असल्याने २००६ ची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ आधी वाचण्याची गरज नाही. २०१५ मध्ये आलेला चित्रपट मात्र पुस्तक संपल्यावरच पाहावा, कारण त्यातही रहस्याची उकल आहे.