दोन आठवड्यांचा चित्रकला वर्ग : शिक्षकांचे प्रश्न

विद्यापीठात सत्रापुरते, तासिका तत्त्वावर कलेचे छोटे अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. म्हणून त्यांची एकत्र उत्तरे.

प्रश्न : ‘वर्ग सुरू करा, नेमणूकपत्र मागाहून येईल’ असे विभागातून सांगतात. सुरू करू का?

नाही. शिकवण्याचे तास, तपासणीचे तास, मानधन आणि विद्यार्थी कमी पडून वर्ग रद्द झाला तर काय, हे कागदावर येऊ द्या. सही करण्याआधी तो शिक्षक संघटनेला दाखवा.

प्रश्न : पूर्ण सत्राचा तैलरंगाचा अभ्यासक्रम दोन आठवड्यांत कसा बसवायचा?

बसवू नका, कापा. तास वाढवून रंग लवकर वाळत नाही. अंबर या तपकिरी रंगाचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो. टायटेनियम पांढरा किंवा कॅडमियम लाल आठवडाभरही ओला राहू शकतो. त्यामुळे थरावर थर चढवणारे ग्लेझिंग वगळा आणि एका बैठकीत पूर्ण होणारी छोटी चित्रे घ्या. खालचा थर हवाच असेल तर तो पातळ ॲक्रिलिकमध्ये करून त्यावर तैलरंग लावा. उलट कधीच नको. तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात. शेवटचे दोन दिवस नवे चित्र सुरू करू देऊ नका, नाहीतर ओले कॅनव्हास एकमेकांना चिकटवून मुले घरी नेतात.

प्रश्न : रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला आम्ही बिनवासाचा थिनर वापरतो, म्हणजे खिडक्या बंद ठेवल्या तरी चालेल ना?

चालणार नाही. ही ऐकीव गोष्ट कुठून पसरते कळत नाही, पण दर सत्रात येते. वास काढला म्हणजे वाफ गेली असे होत नाही. तो पेट्रोलियमचाच द्रावक आहे, उडतो आणि श्वासात जातो. उलट वास येत नसल्याने नाक इशारा देत नाही आणि डबे दिवसभर उघडे राहतात. बाटलीवर पान-फुलाचे चित्र छापणे हा विक्रीचा भाग झाला. तुम्ही सुरक्षितता माहितीपत्रक मागवून वाचा.

मुळात द्रावक हवाच कशाला? ब्रश आधी चिंधीने पुसा, मग करडईच्या तेलात घोळवून पुन्हा पुसा आणि शेवटी साबण-पाण्याने धुवा. नवशिक्यांच्या वर्गाला एवढे पुरते.

त्याहून मोठी काळजी चिंध्यांची. तैलरंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि तसे होताना उष्णता सोडते. पसरलेल्या चिंधीतून ती निघून जाते. बोळे करून कचरापेटीत दाबल्या तर आतच साठते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात, तेही वर्गाला कुलूप लागल्यावर काही तासांनी. म्हणून झाकणाचा धातूचा डबा ठेवा, त्यात चिंध्या बुडतील एवढे पाणी घाला आणि विल्हेवाट कशी लावायची ते विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पहिल्या तासाआधी विचारा. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर घेऊ नका, पुढच्या आठवड्यात तुमचा वर्ग संपत आलेला असेल.

प्रश्न : गुण मेहनतीला द्यावेत की चित्राला?

कशाला किती, ते पहिल्याच दिवशी लिहून द्या. रेखाटनवही, रंगकाम आणि चर्चेतला सहभाग असे भाग पाडले तर वाद कमी होतात. दहा दिवसांच्या वर्गात पाचव्या दिवशी प्रत्येकाला लेखी अभिप्राय द्या. त्यानंतर सुधारायला वेळ उरत नाही. तक्रार आलीच तर परस्पर गुण बदलू नका, आधी विभागाशी बोला.

प्रश्न : विद्यार्थ्यांची चित्रे समाजमाध्यमावरच्या माझ्या पानावर टाकू का?

त्यांच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

प्रश्न : एका विद्यार्थिनीला दमा आहे. तिला खिडकीजवळ बसवले की झाले ना?

नाही. सगळा वर्गच द्रावकाविना घ्या. रेखाटन पुसले जाऊ नये म्हणून मारतात तो फिक्सेटिव्हचा फवारा खोलीत कोणालाच मारू देऊ नका, बाहेर मोकळ्यावर मारायला सांगा. साहित्याची यादी तिला आधीच पाठवा, म्हणजे ती आपल्या डॉक्टरांना दाखवू शकेल. तिच्या आजाराचा उल्लेख वर्गासमोर करू नका.