ठाण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पक्षीगणनेत स्वयंसेवक व्हायचं आहे. सुरुवात कुठून करू? आणि पुढे करिअरला उपयोग होतो का?

दुसऱ्या वर्षाला आहेस असं लिहिलंयस, म्हणून एकेरीतच लिहिते.

नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर गणनेला जाऊ नकोस. किनारा सफाईला जा. तिथे माणसं कमीच पडतात, आणि पोतं भरलं की काम झालेलं डोळ्यांना दिसतं. गणनेत तू लिहिलेला आकडा पुढे कुणीतरी खरा धरून चालणार असतं.

मी ऐरोलीची. कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेत) होते, म्हणजे वर्षाला १२० तास भरायचे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिचं निमित्त धरून आमच्या कॉलेजने खाडीवर रोहित मोजायचं शिबिर ठेवलं. (रोहित म्हणजे फ्लेमिंगो.) दिवस निघाला नेमका पौर्णिमेचा, वेळ अकरा ते एक. घरी सांगितलं तेव्हा शेजारचे कोळी काका ओट्यावर बसले होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला, "पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्या येलेला खारी भरलेली आसल पोरी, पाखरां बसतील कुठं?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब बसतो, खाडीतून आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. रोहित चरतात ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर आणि त्याच्या कडेच्या उथळ पाण्यात. पौर्णिमेच्या भर भरतीत तो चिखलच पाण्याखाली असतो.

तीन दिवस आधी मी स्टाफरूममध्ये जाऊन सरांना हे सांगितलं. बस ठरली आहे, म्हणाले.

पन्नास मुलं, दोन दुर्बिणी आणि एक बॅनर घेऊन आम्ही गेलो. पाणी खारफुटीच्या पानांना टेकलेलं. रोहित एकही नाही. माझ्या तक्त्यात मी लिहिलं : रोहित ०, वेळ १२.१०, पूर्ण भरती. बाकीच्या गटांच्या तक्त्यांत 'अंदाजे ५००' आलं, कारण आदल्या वर्षीच्या अहवालात तेवढे होते. सर म्हणाले, "शून्य लिहून अहवाल पाठवायचा का?" मी खोडलं नाही. त्या दिवसाचे माझे चार तास धरले गेले नाहीत. त्याचा राग मला आजही येतो.

कारण त्या शून्याला अर्थ होता. पक्षी नाहीसे झाले नव्हते. भरतीत खाडी सोडून ते नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात आणि पाणी उतरलं की परततात. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, पण भरतीच्या वेळी टेकायला या पाणथळी राहिल्या नाहीत तर त्या अभयारण्यात पक्षी येतील कशाला? २०२४ साली यातल्याच एका, डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याचे मार्ग बंद झाले, तलाव आटला, तेव्हा हेच सगळ्यांच्या तोंडी होतं. भरतीला खाडीत शून्य आणि त्याच वेळी तलावावर किती, अशा नोंदी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी ठेवल्या की तलाव का हवेत हे कुणालाही दाखवता येतं. 'अंदाजे ५००' लिहिलं की तो पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

म्हणून सुरुवात अशी कर : एकच जागा धर. महिन्यातून दोनदा जा, एकदा ओहोटीला, एकदा भरतीला. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोक काळं, लहान रोहितची चोच सगळीच गडद, एवढ्यावर बरंच निभावतं. थवा मोठा असेल तर आधी पन्नास पक्षी नीट मोज, ते केवढी जागा व्यापतात ते नजरेत बसव आणि तेवढे तुकडे पाडत पुढे जा. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाक. ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, असं तिथे विचारतात. ते खरोखर नोंदवले असतील तरच 'हो' म्हण, कारण त्या एका उत्तराने न दिसलेल्या पक्ष्याचं शून्यही नोंदीत येतं. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक गणना असते, तेव्हा कॉलेजच्या आवारातच हात बसव. ऐरोलीला वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे, तेही बघून ये.

करिअरचं म्हणशील तर मी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. नोकरी पक्ष्यांमुळे लागली नाही. पण यंत्राने दिलेला आकडा नकोसा असला तरी तसाच लिहायची सवय खाडीवरची आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं : चिखलात उतरू नकोस, माणूस कमरेपर्यंत रुततो. एकट्याने जाऊ नकोस. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आणि सगळे शिक्षक सारखे नसतात, पुढच्या वर्षी आलेल्या मॅडमनी शिबिराची तारीख भरतीचं कोष्टक समोर ठेवून काढली होती.

तुझ्या कॉलेजने चुकीची वेळ काढली तर आधीच सांग, आणि लेखी सांग. मी तोंडीच सांगितलं होतं.