बेळगावात घडणाऱ्या विनोदी एकांकिकेत ‘पडेल ते काम’ एजन्सीवाल्या मित्रांना कोणती कामं द्यावीत?

पहिला प्रवेश पाटीवरच उरकतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. एक भागीदार पट्टी घेऊन अक्षरं मोजतोय, दुसरा म्हणतो एजन्सीचं नावच आखूड करू, तिसरा पेंटरला उधारीवर घोळात घेतोय. दहा मिनिटं आरामात निघतील.

पुढचं काम: खेड्यातल्या आजोबांचा कन्नड अर्ज भरून देणं. एकाला कन्नड बोलता येतं, दुसऱ्याला फक्त लिहिता, आणि नेमका त्या दोघांचा सकाळपासून अबोला. (माझ्या मते एकांकिकेचा जीव इथंच आहे, हा प्रवेश लांबवा.)

डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉज फुल्ल. एका आमदाराच्या माणसाला खोली हवी असते. शेवटी एजन्सीचंच ऑफिस झाडून द्यावं लागतं, भागीदार बाहेर कट्ट्यावर. टिळकवाडीचं रेल्वे गेट तर बिनपगारी खलनायक. कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) पोचवायला निघालेला गडी गेटात अडकतो आणि ‘जरा चव बघू’ म्हणत डबा उघडतो.

सीमावादावरचं भाषण तेवढं घालू नका, ते प्रेक्षकांना पाठ आहे.